नैरोबीत चार दिवस, आई-बाबांसह: काय काळजी घ्यावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी, बायको, आई (६६) आणि बाबा (७१) केनियाला निघालो आहोत. मसाई माराचे तीन दिवस ठरले आहेत, तिथली गाडी आणि मुक्काम पक्का आहे. प्रश्न नैरोबीचा आहे. माराच्या आधी चार रात्री शहरात राहायचं मी ठरवलं, तेव्हापासून रोज कुणा ना कुणाचा फोन येतो की तिथे थांबू नका, विमानतळावरून थेट जंगल गाठा. आई घाबरली आहे. बाबा मात्र ऐकायला तयार नाहीत. ते रेल्वेत होते, मनमाडला, आणि त्यांचं एकच म्हणणं आहे की आपल्या माणसांनी जिथे रूळ टाकले ते गाव बघितल्याशिवाय मी परत यायचा नाही.

तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: कुठे राहावं, फिरावं कसं, पैसे कसे न्यावेत, शाकाहारी जेवणाचं काय आणि यलो फिव्हरची लस खरंच लागते का?

जकरांडा

गोदाकाठ, मी चौदा वर्षं नैरोबीत राहते, पार्कलँड्स भागात. तुमच्या बाबांना आधी नमस्कार सांगा. सवडीने लिहिते.

राहायला वेस्टलँड्स किंवा पार्कलँड्स बघा. भारतीय दुकानं, जेवण, दवाखाने सगळं हाताशी आहे. आगा खान आणि एम. पी. शाह ही मोठी रुग्णालयं याच पट्ट्यात आहेत, ज्येष्ठ सोबत असताना ही गोष्ट महत्त्वाची. लँगाटा आणि कॅरेन हे भाग हिरवे, शांत आहेत आणि जिराफ, हत्ती तिथून जवळ पडतात. पण जेवणासाठी दर वेळी गाडी काढावी लागेल. शहराच्या मध्यभागी, म्हणजे ज्याला इथे सगळे 'टाउन' म्हणतात तिथे, मुक्काम करू नका. दिवसा जाऊन या.

फिरायला उबर किंवा बोल्ट. दोन्ही चांगलं चालतात आणि भाडं आधी दिसतं. गाडीत बसण्यापूर्वी नंबर प्लेट जुळवून बघा. मटाटू म्हणजे रंगीबेरंगी चित्रं काढलेल्या, गाणी वाजवत धावणाऱ्या मिनीबस. इथलं निम्मं शहर त्यांवरच चालतं आणि मला त्या मनापासून आवडतात, पण आई-बाबांसह पहिल्या खेपेला नको. बोडा बोडा (मोटरसायकल टॅक्सी) तर नकोच.

विमानतळावरून येताना चालकाला 'एक्सप्रेसवे' असं स्पष्ट सांगा. २०२२ साली सुरू झालेला हा उंचावरचा रस्ता म्लोलोंगोपासून वेस्टलँड्सपर्यंत २७ किलोमीटर आहे. टोल तुम्हाला द्यावा लागतो, पण खालच्या रस्त्यावर संध्याकाळी दीड तास अडकण्यापेक्षा तो परवडला. वाहतूक कोंडी हाच इथला रोजचा खरा त्रास आहे. एका दिवसात शहराच्या दोन टोकांची ठिकाणं ठेवू नका.

पैसे: एक शिलिंग म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर पैसे. विमानतळावरच सफारीकॉमचं सिम घ्या (पासपोर्ट लागतो) आणि तिथेच एम-पेसा सुरू करून मागा. २००७ पासून हा देश मोबाइलवर पैसे देतो. भाजीवाली, टॅक्सीवाला, देवळाबाहेरचा नारळवाला, सगळ्यांचा टिल नंबर (मोबाइलवर पैसे घ्यायचा क्रमांक) असतो. एजंटकडे रोख दिली की तुमच्या फोनमध्ये शिल्लक जमा होते. थोडी रोख जवळ ठेवा. डॉलर नेणार असाल तर अलीकडच्या छपाईच्या, न फाटलेल्या नोटा न्या, जुन्या नोटा बरेचजण घेत नाहीत.

आणि स्वेटर! आपल्याकडे आफ्रिका म्हटलं की घामच डोळ्यांपुढे येतो. तुम्ही नाशिकचे, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि नैरोबी शहर त्याहून उंचावर वसलं आहे. जुलै-ऑगस्ट इथली थंडी. ढगाळ, गार, सकाळी १२-१३ अंश. घरांना हीटर नसतात. बाबांसाठी कानटोपी आणा.

रानवाटा

वर बहुतेक सगळं आलंय. आमच्या अनुभवातून दोन गोष्टींची भर घालतो, दोन्ही विमानतळावरच्या.

एक: प्लास्टिकच्या पिशव्या. ऑगस्ट २०१७ पासून केनियात कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. दंड आणि तुरुंग दोन्हींची तरतूद आहे आणि ती फक्त कागदावर नाही. आपली सवय अशी की चिवडा एका पिशवीत, लाडू दुसऱ्या पिशवीत, चपला तिसऱ्या पिशवीत. आमच्या सौ.ने निघण्याच्या आदल्या रात्री अख्खी बॅग उलटी करून सगळं डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरलं. कारखान्यातून सीलबंद आलेल्या पाकिटांना अडचण नाही. ड्युटी फ्रीची पिशवी विमानतळावरच सोडा. राष्ट्रीय उद्यानांत २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून प्रत्येकाची स्टीलची बाटली असू द्या.

दोन: लष्करी छाप्याचे कपडे. सफारीला जायचं म्हणून आपली मुलं हौसेने तशा पँटी, टोप्या घेतात. केनियात सामान्य नागरिकांना ते घालायला मनाई आहे. साधा खाकी, मातकट, हिरवा रंग चालतो. ड्रोनही परवानगीशिवाय आणू नका.

ईटीएबद्दल: जानेवारी २०२४ पासून व्हिसा गेला, त्याजागी ऑनलाइन प्रवास परवाना आला. प्रत्येकाचा वेगळा, लहान मुलांचाही. तीस डॉलरच्या थोडं वर शुल्क आहे. केनिया सरकारच्या संकेतस्थळावरूनच भरा. शोधल्यावर वर वर येणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. माझ्या मेव्हण्याने अशाच एका ठिकाणी चौघांचे पैसे भरले आणि परवाना शेवटच्या दिवशी आला, तोवर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

काढा_आणि_मध

मी फिजिशियन आहे, त्यामुळे लसीचं मी सांगते.

यलो फिव्हरची लस मुख्यतः परत येताना लागते. केनिया हा त्या तापाच्या पट्ट्यातला देश आहे आणि आपल्याकडे तो रोग नाही, पण तो पसरवू शकणारे डास आहेत. त्यामुळे भारत सरकार याबाबत जराही सूट देत नाही. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर, बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वारीच मिळते, त्यामुळे आजच वेळ घ्या.

तुमच्या आई-बाबांबाबत मात्र थांबून विचार करा. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, तोही पहिल्यांदाच घेताना. कर्करोगाचे उपचार, स्टिरॉइड, थायमस ग्रंथीचा आजार, अंड्याची तीव्र ॲलर्जी यांतलं काही असेल तर केंद्रावर लपवू नका. बहुतेक धडधाकट ज्येष्ठांना काही होत नाही, पण निर्णय त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्या. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तरी परतल्यावर विलगीकरण टळेलच असं नाही, तेही आधी विचारून ठेवा.

मलेरिया: नैरोबी उंचावर असल्यामुळे शहरात धोका फार कमी. मारात आणि किनाऱ्याला तो आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, हे बाबांची चालू औषधं बघूनच ठरेल. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी आफ्रिकेतून आलोय' हेच सांगा. मी हे कळकळीने लिहितेय. हे न सांगितल्यामुळे निदानाला उशीर झालेला रुग्ण मी पाहिला आहे.

सह्यकडा

सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या धाकट्या भावाचा फोन टाउनमध्ये भर दुपारी हातातून हिसकावला. तो गाडीत होता, काच खाली होती, सिग्नलला गाडी उभी होती. वृद्ध माणसांना घेऊन चार दिवस तिथे काढणं मला तरी पटत नाही. एक रात्र विश्रांती आणि पुढे मारा, एवढंच करा.

जकरांडा

सह्यकडा, तुमच्या भावाचं झालं ते खरंच वाईट, आणि असं घडतं. मी ते नाकारणार नाही. माझ्या जावेचाही फोन असाच गेला. म्हणून इथे राहणारे आम्ही काय करतो ते सांगते.

गाडीत फोन काचेजवळ धरत नाही आणि कोंडीत काच वर ठेवतो. रस्त्यात उभं राहून नकाशा बघत नाही. दुकानात शिरतो, तिथे बघतो. अंधार पडल्यावर पायी चालत नाही, अगदी दोनशे मीटरही नाही, गाडी बोलावतो. गळ्यात मंगळसूत्र किंवा साखळी घालून टाउनमध्ये जात नाही (आईंना हे नक्की सांगा, घरीच ठेवून या). रिव्हर रोडच्या बाजूला कारण नसताना जात नाही. मॉलच्या दारात गाडीची आणि बॅगेची तपासणी होते, तिथे कुरकुर करत नाही. १९९८ चा अमेरिकन दूतावासावरचा स्फोट आणि २०१३ चा वेस्टगेटचा हल्ला या शहराने सोसला आहे. पोलीस, सैनिक, राष्ट्रपती भवन यांचे फोटो काढत नाही.

आणखी एक. २५ जून २०२४ ला वित्त विधेयकाविरुद्ध तरुण मुलं थेट संसदेत शिरली होती, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासून २५ जून आणि ७ जुलै (याला 'साबा साबा' म्हणतात, म्हणजे सात-सात) या दिवसांना टाउन बंद असण्याची शक्यता धरून चालायचं. गोदाकाठ, तुम्ही त्यानंतर येताय, तरी सकाळी बातम्या बघूनच बाहेर पडा.

एवढं पाळून मी दोन मुली इथे वाढवल्या. लाखो लोक इथे कामाला जातात, डबा खातात, घरी येतात. हे शहर फक्त जंगलाच्या वाटेवरचा थांबा नाही, म्हणून मी तुमच्या बाबांच्या बाजूने आहे.

मांडवी

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर लिहितो. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली गेली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर आणले होते, बरेचसे पंजाबातले. अडीच हजारांच्या जवळपास माणसं मेली, म्हणजे सरासरी मैलामागे चार. नैरोबी हे १८९९ साली त्या रेल्वेचा तळ म्हणून दलदलीत उभं राहिलेलं गाव. मसाई भाषेत त्या जागेचं नाव 'एन्कारे नैरोबी', म्हणजे गार पाणी. रेल्वे म्युझियम जुन्या स्टेशनच्या जवळच आहे. १९०० साली किमा स्थानकात रात्री सिंहाने एका पोलीस अधिकाऱ्याला ज्या डब्यातून ओढून नेलं, तो डबा तिथे ठेवलेला आहे.

आम्हा गोंयकारांसाठी नैरोबीत आणखी एक जागा आहे, जी प्रवासी कंपन्यांच्या यादीत नसते: पार्कलँड्सचं सिटी पार्क. तिथल्या स्मशानभूमीत पियो गामा पिंटो यांची कबर आहे. जन्म नैरोबीचा, १९२७. शिक्षण भारतात, गोवा मुक्तीच्या चळवळीत उतरले, पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटून परत केनियाला गेले आणि तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात वर्षानुवर्षं स्थानबद्धता भोगली. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या फाटकापाशी, लहान मुलगी गाडीत असताना, त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या शेजारीच जोझेफ मुरुंबी आहेत: वडील गोव्याचे, आई मसाई, केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती. पिंटोंच्या जवळच आपल्याला पुरावं ही त्यांची इच्छा होती. मी तिथे गेलो तेव्हा माकडं कठड्यावर बसली होती आणि आसपास कुणी नव्हतं. मी बराच वेळ तिथे थांबलो. दिवसा जा, सोबत माहीतगार असू द्या.

तुळसवृंदावन

शाकाहारी जेवणाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही! आम्ही कांदा-लसूणही न खाणारे, तिथे काय हाल होतील?

जकरांडा

तुळसवृंदावन ताई, हाल अजिबात नाहीत. गुजराती आणि जैन समाज इथे शंभर वर्षांहून जास्त काळ आहे. ओशवाल मंडळींचं जैन देरासर आहे, स्वामिनारायण मंदिर आहे, पार्कलँड्समध्ये डायमंड प्लाझा आहे, तिथे पाणीपुरीपासून थाळीपर्यंत मिळतं. 'जैन' म्हटलं की वाढणाऱ्याला कळतं. मिठाई, पापड, गोडा मसाला सोडून सगळे मसाले मिळतात. २०१७ साली केनियाने इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले होते.

पण इथलं जेवणही खाऊन बघा. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत सुकुमा विकी, ही पालेभाजी, नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'. गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. चपाती तर चपातीच, नावासकट, फक्त जाड आणि तेलकट. कोशिंबिरीला 'कचुंबारी' म्हणतात. बटाट्याच्या भजीला 'भाजिया'. चहा दूध घालून उकळलेला, आपल्यासारखाच. पाणी मात्र बाटलीतलं किंवा उकळलेलंच प्या.

तुमचे कान उघडे ठेवा, ओळखीचे शब्द भेटत राहतात: पैशाला पेसा, साबणाला साबुनी, गाडीला गारी, बर्फाला बाराफू, सरकारला सेरिकाली, तयार झालं की 'तायारी'. मराठी माणसाला स्वाहिली उच्चारायला त्रास होत नाही, लिहिल्याप्रमाणे वाचायची. भेटल्यावर कामाचं बोलण्याआधी 'हाबारी' म्हणून विचारपूस करा. थेट 'हे किती, ते कुठे' असं विचारणं इथे उद्धटपणाचं वाटतं. एक लक्षात असू द्या: स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा' म्हणजे एक वाजता नव्हे, सकाळी सात वाजता. चालकाशी इंग्रजीतच वेळ ठरवा.

गोदाकाठ

इतकं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. आईला आज संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. मंगळसूत्राचं ऐकून ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, काळ्या मण्यांचं साधं घालते. चार दिवस कसे लावावेत, तेवढं सुचवा.

रानवाटा

पहिला दिवस आराम. भारताच्या घड्याळापेक्षा ते अडीच तास मागे, त्यामुळे सगळे पहाटे तीनलाच जागे होणार.

त्याचा फायदा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सहाला नैरोबी नॅशनल पार्कच्या फाटकावर हजर राहा. १९४६ चं उद्यान, ११७ चौरस किलोमीटर, शहराला अगदी लागून. पुढे गेंडा चरतोय आणि त्याच्या मागे उंच इमारती, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या राजधानीत सहज दिसत नाही. हत्ती तिथे मोकळे नाहीत. प्रवेशशुल्क आधी ऑनलाइन भरा, रोख घेत नाहीत.

त्याच दिवशी अकराला शेल्ड्रिकचं हत्तींचं अनाथालय. पिल्लांना बाटलीने दूध पाजतात, एक तासच पाहता येतं. महिना-दीड महिना आधी जागा राखून ठेवा, जुलैत ऐनवेळी मिळत नाही. जेवून जिराफ सेंटर. तिथे उंच ओट्यावर उभं राहून जिराफाला हाताने खाऊ घालता येतो. आईंना हे फार आवडेल.

तिसरा दिवस रेल्वे आणि नॅशनल म्युझियम (तुर्काना सरोवराजवळ १९८४ ला सापडलेला पंधरा लाख वर्षांपूर्वीचा मुलाचा सांगाडा त्यांच्याकडे आहे). चौथ्या सकाळी करुरा जंगल. भर शहरातलं हे जंगल पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई यांनी मार खाऊन वाचवलं. सपाट पायवाटा आहेत, बाबांना चालता येईल.

गोदाकाठ

मंडळी, परत आलो. सहा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

लस चौघांनी घेतली, बाबांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. मुंबईत उतरल्यावर पिवळं कार्ड तपासलंच. शेल्ड्रिकची जागा मिळाली. कानटोपी रोज लागली. फोन एकाचाही गेला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र आम्ही लँगाटाहून निघून सव्वादोन तास कोंडीत होतो, बाबांची साखर उतरली, बॅगेतले राजगिऱ्याचे लाडू उपयोगी पडले. ज्येष्ठ बरोबर असतील तर गाडीत खायला हवंच.

रेल्वे म्युझियममध्ये आम्ही तासभर धरला होता, तीन तास लागले. तिथे 'माउंट गेलाई' नावाचं ५९ क्रमांकाच्या वर्गातलं गॅरट इंजिन उभं आहे, मीटर गेजवरच्या जगातल्या सगळ्यात अवजड वाफेच्या इंजिनांपैकी एक. बाबांची निम्मी नोकरी मनमाड–काचीगुडा मीटर गेजवर गेली. ते रुळांपाशी बसले आणि दोन रुळांमधलं अंतर वीतीने मोजलं. "आपलंच माप," म्हणाले. तिथे एक वयस्क गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी बाबांना 'म्झे' म्हणून हाक मारली (वडीलधाऱ्याला असं म्हणतात), इंजिनात चढायला हात दिला, आणि मग दोघं रेग्युलेटर कुठे, इंजेक्टर कुठे हे एकमेकांना दाखवत बसले. भाषेचं फारसं काही अडलं नाही. निघताना बाबांनी खिशातलं पेन काढून त्यांना दिलं. आई दुरून बघत होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, अजून एक दिवस हवा होता.

मांडवी, सिटी पार्कलाही गेलो. फूल वाहून आलो.

तुळसवृंदावन

वाचून डोळ्यांत पाणी आलं. एक विचारू? सासूबाईंचे गुडघे दुखतात. म्युझियममध्ये चालणं किती आहे?

गोदाकाठ

ताई, रेल्वे म्युझियम सगळं तळमजल्यावर आणि अंगणात आहे, पण इंजिनांच्या आसपास जमीन खडबडीत आहे आणि डब्यांच्या पायऱ्या उंच. काठी न्या. बसायला जागा थोड्या आहेत, आम्ही हॉटेलातून घडीची खुर्ची मागून नेली होती. जिराफ सेंटरला ओट्यावर चढायला पायऱ्या आहेत, पण खाली उभं राहूनही जिराफ दिसतात. आणि चौकोनी तीन दांड्यांचे अडॅप्टर दोन न्या, आपला प्लग तिथे बसत नाही.